उत्पादन व्यवस्थापक : पगार आणि पुढील वाट

कारखान्यात सुपरवायझर, शिफ्ट इनचार्ज, उत्पादन व्यवस्थापक अशा पायऱ्या असतात. आयटीआय उत्तीर्णाला पदविकेच्या आणि पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. खालून वर जाण्याची वाट बंद नाही.

पगाराबाबत मात्र सावध असावे. बँकेच्या काउंटरवर मी पाहतो, नेमणूकपत्रातील वार्षिक आकड्याला १२ ने भागून तरुण कर्जाचा हप्ता ठरवतात. त्या आकड्यात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा व ग्रॅच्युइटी बहुधा धरलेली असते. ती दरमहा हाती येत नाही. शिवाय कामगाराला जादा कामाचा दुप्पट दर कायद्याने मिळतो, व्यवस्थापकाला नाही. म्हणून बढतीनंतर हाती पडणारी रक्कम सुरुवातीला घटूही शकते. तरीही बढती नाकारू नये. वरच्या पायऱ्या तेथूनच सुरू होतात.