शॉकअप बदलण्याआधी

चि. ओंकार,

तुझ्या २००८ सालच्या व्होल्व्हो एक्ससी-९० ची मागची बाजू बसली आहे, माणसं आणि सामान भरलं की ती स्पीडब्रेकरवर आपटते, आणि गॅरेजवाला म्हणतो की मागे साधे शॉकअप टाकून पुष्कळ स्वस्तात काम करून देतो, असं तू कळवलंस. त्याला हो म्हणण्याआधी हे पत्र सावकाश वाच. माझं म्हणणं एवढंच आहे की तुझ्या गाडीत मागचे शॉकअप आणि मागच्या स्प्रिंगा यांचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो. साधे शॉकअप टाकून स्प्रिंगा तशाच ठेवल्यास तर पैसे जातील आणि गाडी बसलेलीच राहील.

असं का, ते समजून घे. साध्या गाडीत वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग दाबली जाते, उसळते, पुन्हा दाबली जाते. ती उसळी आतल्या तेलाकरवी जिरवायची, एवढंच शॉकअपचं काम. म्हणून साधा शॉकअप काढून बाजूला ठेवला तरी उभ्या गाडीची उंची जवळपास तेवढीच राहते. तुझ्या मॉडेलवर मात्र अनेक गाड्यांना निव्होमॅट नावाचा शॉकअप बसवलेला असतो आणि त्याच्याकडे दोन कामं असतात. त्याच्या पोकळ दांड्याच्या आत एक लहानसा पंप असतो. त्याला वीज लागत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही, सेन्सर लागत नाही. रस्त्यावर चाक वरखाली होतं, त्या हालचालीवरच पंप चालतो आणि बाहेरच्या कमी दाबाच्या कप्प्यातलं तेल आतल्या जास्त दाबाच्या कप्प्यात ढकलतो. तिथे पडद्याआड वायू कोंडलेला असतो. तेल वाढलं की वायू आणखी दाबला जातो, दाब चढतो, दांडा बाहेर रेटला जातो आणि गाडीची मागची बाजू उचलली जाते. ठरलेली उंची गाठली की आतली एक वाट उघडी पडते आणि जादा तेल बाहेरच्या कप्प्यात परत जातं. डिकी भरून निघालेली गाडी मैल-दोन मैलांत आपोआप सरळ होते ती अशी. शिवाय ओझं वाढलं की आतला दाब वाढतो आणि दाबाबरोबर उसळी आवरण्याची ताकदही वाढते. हा गुण साध्या शॉकअपात नसतो.

मागून बसणाऱ्या गाडीचा प्रश्न जुनाच आहे आणि त्यावर नाना उपाय झाले. तू राहतोस त्या डेट्रॉइटमध्येच पॅकार्ड कंपनीने १९५५ साली गाडी सरळ करायला विजेची मोटर बसवली होती. फ्रान्समध्ये सित्रोएनने १९५४ साली एका मॉडेलच्या मागच्या चाकांना आणि पुढच्याच वर्षी डीएस या गाडीच्या चारही चाकांना तेल-वायूचं सस्पेन्शन दिलं. त्याचा पंप इंजिनावर चालायचा. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये मागच्या ॲक्सलवर मधोमध बोगे या जर्मन कंपनीचं स्वतःच स्वतःला पंप करणारं एक युनिट होतं. निव्होमॅट त्याच कुळातला. फरक एवढाच की त्यात पंप, टाकी आणि शॉकअप हे सगळं एकाच नळकांड्यात मावलं. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण बिघडायला बाहेर काही ठेवलेलंच नाही. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की आतला पंप झिजला की दुरुस्ती नाही, नग बदलावा लागतो.

आता मुद्द्याचं. शॉकअप वजनाचा वाटा उचलणार हे धरूनच कारखान्याने अशा गाडीला मागे नरम स्प्रिंगा दिलेल्या असतात. रिकामी गाडी मऊ चालावी आणि भरलेली बसू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात त्या यामुळे. साधा शॉकअप बसवलास की तो वाटा उचलणारं कुणी उरत नाही. नरम स्प्रिंगांवर सगळं ओझं येतं. नवे कोरे शॉकअप लावूनही गाडी बसलेली राहते, आणि मग स्प्रिंगा थकल्या असतील म्हणून त्याच नरम जातीच्या नव्या स्प्रिंगा टाकल्या जातात. त्यानेही गाडी उठत नाही, कारण त्या स्प्रिंगा एकट्याने ओझं घेण्यासाठी बनलेल्याच नसतात. बसलेल्या गाडीचे तोटे दिसण्यापुरते नाहीत. मागच्या चाकांचा कल बदलतो आणि टायर आतल्या कडेने झिजतात. ती कड उभ्याने पाहिलं तर दिसत नाही, हात घालून चाचपावी लागते. हेडलाइट वर उचलले जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. पुढच्या चाकांवरचं वजन कमी होऊन स्टिअरिंग हलकं लागतं. आणि दबायला जागाच न उरल्याने प्रत्येक मोठ्या खड्ड्याला सस्पेन्शन रबरी बंपस्टॉपवर आदळतं.

म्हणून आधी दोन गोष्टी पडताळ. पहिली, तुझ्या गाडीत खरोखर निव्होमॅट आहे का. या मॉडेलवर दोन्ही प्रकार आले आहेत, तेव्हा अंदाजावर जाऊ नकोस. गाडीचा सतरा अक्षरी ओळख क्रमांक डीलरच्या पार्ट्स काउंटरवर दे आणि कारखान्यातून कोणते शॉकअप व कोणत्या स्प्रिंगा बसून आल्या ते विचार. निव्होमॅटचं अंग साध्या शॉकअपपेक्षा जाडजूड असतं, पण आधीच्या मालकाने काही अदलाबदल केली असेल तर नुसत्या नजरेवर भरवसा ठेवता येत नाही. दुसरी, तो मेला आहे का. गॅरेजवाला तेल गळतंय का एवढंच पाहतो. गळत असेल तर प्रश्नच मिटला, पण कोरडा दिसला म्हणजे चांगला असं नाही. आतला पंप झिजला तर बाहेर थेंबही येत नाही. याला मोजमापच हवं. टायरमध्ये हवा बरोबर भर, गाडी सपाट जागी उभी कर आणि मागच्या प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोज. मग पाणी मृदू करण्याच्या मिठाच्या, तिकडे चाळीस पौंडांच्या मिळतात त्या, आठ पिशव्या डिकीत ठेव. म्हणजे साधारण १४५ किलो झाले. पुन्हा मोज. पिशव्या तशाच ठेवून दोन-तीन मैल थोड्या खडबडीत रस्त्याने जाऊन ये आणि तिसऱ्यांदा मोज. आकडा पहिल्याच्या जवळ परत आला तर पंप जिवंत आहे आणि दोष दुसरीकडे शोधायला हवा. दुसऱ्या आकड्यावरच अडकून राहिला तर शॉकअप गेले. माणसं बसवून हे करू नकोस. माणसं हलतात, पिशव्या हलत नाहीत.

किमतीची हरकत तू घेणारच आणि ती खोटी नाही. निव्होमॅटची जोडी साध्या जोडीच्या कित्येक पट महाग पडते. पण तुलना करायची तर बरोबर गोष्टींची कर. साध्या शॉकअपच्या किमतीत एकट्याने भार घेणाऱ्या जाड स्प्रिंगांची किंमत मिळव, कारण त्यांच्याशिवाय तो मार्ग पुराच होत नाही, आणि स्प्रिंगा काढण्या-घालण्याची मजुरीही धर. मग दरी बरीच कमी झालेली दिसेल. हा दुसरा मार्ग मी वाईट म्हणत नाही. ज्याच्या गाडीत तिसरी रांग कायम मिटलेली असते, जो ट्रेलर ओढत नाही, त्याने शॉकअप आणि स्प्रिंगा दोन्ही बदलून साध्या रचनेवर यावं. पुढच्या वेळचा खर्च कायमचा उतरतो. तुमच्याकडे तसं नाही. दादा-वहिनी उन्हाळ्यात तिकडे आले की सहा माणसं, बॅगा आणि छतावरची पेटी घेऊन तुम्ही पार अप्पर पेनिन्सुलापर्यंत जाता, आणि एरवी आठवडाभर तू एकटा ऑफिसला जातोस. जाड स्प्रिंगांवर एकट्याला गाडी कडक लागेल आणि भरल्यावर ती थोडीफार बसेलच. रिकामं आणि भरलेलं यांत एवढा फरक असलेल्या घरासाठीच ही रचना केली आहे. तुझ्यासाठी माझा कौल निव्होमॅटलाच.

स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबरी ठोकळे बसवून गाडी उचलण्याचा सल्लाही कुणी देईल. ठोकळ्याने दोन वेढे जखडले जातात, त्यांच्या वाट्याचा ताण उरलेल्या वेढ्यांवर पडतो, आणि मेलेला शॉकअप मेलेलाच राहतो. गाडी उंच दिसते आणि आधीसारखीच उसळते. हे मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं, कारण डोळ्यांना समाधान मिळालं की माणूस पुढचं पाहत नाही. स्प्रिंगच्या आत हवेच्या पिशव्या बसवणं त्याहून बरं, पण सामान चढवताना-उतरवताना हवा भरणं-सोडणं तुझ्याच गळ्यात येतं आणि नवे शॉकअप तरीही घ्यावेच लागतात. जंकयार्डमधून जुनी निव्होमॅट जोडी आणायचं तर मनातही आणू नकोस. झीज आत असते आणि ती गाडीवर चढवून चालवल्याशिवाय कळत नाही.

इतकी जुनी गाडी, तिच्यावर एवढा खर्च कशाला, असंही वाटेल. इंजिन किंवा गिअरबॉक्स जाण्याच्या बेतात असेल तर ही शंका रास्त आहे, आधी तेच तपासून घे. पण गाडी ठेवायची असं ठरलं असेल तर हा खर्च ब्रेकच्या रांगेतला आहे. तुझ्या गाडीत तोल जाताना सावरणारी यंत्रणा आहे. ती जायरोस्कोपच्या सेन्सरवरून गाडीचा कल ओळखते, इंजिनाची ताकद कमी करते आणि चाकांना ब्रेक लावते. तो ब्रेक टायर रस्त्याला घट्ट टेकलेला असेल तरच उपयोगी पडतो, आणि टायर टेकवून ठेवणं हे शॉकअपचं काम आहे.

काम करून घेताना दोन्ही बाजू एकदमच बदलायच्या, एकच गळत असला तरी. मिशिगनच्या रस्त्यांवरच्या मिठाने खालचे बोल्ट गंजून धरलेले असणार. ते कापावे लागले तर मजुरी किती वाढेल हे आधीच विचारून ठेव. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकांवर वजन आल्यावर, नेहमीच्या उंचीवर आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नवे बसल्यावर गाडी लगेच उठलेली दिसणार नाही. पंपाला काही मैल लागतात. म्हणून चाकांचं अलाइनमेंट त्याच लिफ्टवर करून न घेता गाडी फिरवून आणल्यावर कर. काढलेले शॉकअप कुणाला कापू किंवा तापवू देऊ नकोस, आत वायू मोठ्या दाबाखाली असतो.

येत्या शनिवारी टेप घेऊन ती तिन्ही मापं घे, डावी-उजवी वेगवेगळी लिही आणि मला पाठव. तोवर गॅरेजला आगाऊ पैसे देऊ नकोस, आणि तिसऱ्या रांगेत कुणाला बसवू नकोस.

तुझा,
काका