उन्हाळी नाट्यशिबिर : कोणासाठी?

मे महिना आला की शहरांत शाळकरी मुलांची नाट्यशिबिरे भरतात. संवाद पाठ करणे हा त्यातील गौण भाग. श्वास, आवाज, हालचाल आणि समोरच्याचे ऐकून घेणे, हे खरे शिक्षण होय.

१९५९ मध्ये सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ स्थापन करून बालनाट्याला प्रतिष्ठा दिली. त्या संस्थेसाठी ‘मधुमंजिरी’ लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनी पुढे २०१४ मध्ये ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तेथे वस्तीतील मुलांनी स्वतःचेच जगणे नाटकातून मांडले.

आमच्या पडघ्याकडे मे म्हणजे लग्नसराई, शेतातला राब, गोदामावर बापाचा डबा पोचवणे. शिबिराची फी कोण भरणार? दहावीपर्यंत वर्गात उभी राहून मी एक वाक्य बोलले नव्हते. महाविद्यालयाच्या एकांकिकेत दोन वाक्ये वाट्याला आली, तेव्हा कोठे आवाज फुटला.

तो आवाज पाच वर्षे आधी फुटता तर?

म्हणून वाटते, आपल्या नाट्यमंडळाने जवळच्या हायस्कुलातील मुलांसाठी सकाळचे दोन तास द्यावेत. पडदा नको, प्रकाशयोजना नको. शाळेची ओसरी पुरे.