शेवटचा घाव आणि दगडाचा थकवा

अजिंठ्याचा पाठ शिकवताना एकदा वर्गात विचारले, "एवढा कठीण कातळ त्या कारागिरांनी फोडला कसा असेल?" खाणीवर दगड फोडणाऱ्या बापाचा मुलगा उठून म्हणाला, "सर, दगड एका घावात फुटत नाही. आधी त्याचा आवाज बदलतो." घणाखाली खणखणीत वाजणारा दगड बसका वाजू लागला की फुटण्याची वेळ जवळ आली, असे वडिलांनी त्याला सांगितले होते. पदार्थविज्ञान याच गोष्टीला 'आवर्ती भाराने येणारा थकवा' म्हणते.

एखादा दगड एका दमात चिरडण्यास जेवढा भार लागतो, त्याहून बराच कमी भार पुन्हा पुन्हा घातला व काढला तरी तो अखेर फुटतो. प्रयोगशाळेत दगडाचा नमुना दाबून सोडला, तर तो दाबताना गेला त्याच वाटेने परत येत नाही. आलेखावर जाण्याची व येण्याची रेषा यांच्यामध्ये एक वळसा उरतो. त्या वळशाचे क्षेत्रफळ म्हणजे दगडात घातलेली, पण परत न मिळालेली ऊर्जा. काही ऊर्जा जुन्या भेगांच्या कडा एकमेकींवर घासून उष्णतेत जाते. काही नव्या सूक्ष्म भेगा उघडण्यात खर्ची पडते. उष्णता निघून जाते, भेग मात्र राहते.

हे वळसे सारखे नसतात. आरंभी ते मोठे असतात, कारण मुळातली छिद्रे व फटी मिटत असतात. मग दीर्घकाळ ते लहान व जवळजवळ एकसारखे होतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे, दगड स्थिरावला. प्रत्यक्षात प्रत्येक फेऱ्यात थोडी हानी साचतच असते. शेवटी भेगा एकमेकींना मिळतात, वळसे झपाट्याने रुंदावतात आणि दगड फुटतो. नोंद मात्र शेवटच्या घावाची होते; इतिहासाच्या पुस्तकांतही बहुधा असेच घडते. अर्थात भार एका मर्यादेखाली असेल, तर असंख्य फेऱ्यांनंतरही दगड टिकतो. ती मर्यादा पाण्याने भिजलेल्या दगडात सहसा खाली येते.

दगडाला एक प्रकारचे स्मरणही असते. जोसेफ कायझर या जर्मन संशोधकाने 1950 मध्ये धातूंविषयी दाखवून दिले, की पूर्वी सोसलेल्या कमाल भारापर्यंत ते पुन्हा ताणले तरी आतून तडकण्याचे सूक्ष्म आवाज येत नाहीत. ती पातळी ओलांडली की येऊ लागतात. पुढे खडकांतही हा गुण आढळला.

आता आपल्या लेण्यांकडे वळू. (त्यांना 'गुंफा' म्हणू नये, गुंफा निसर्ग घडवतो, लेणी माणसांच्या हातांनी कोरली.) वाघूर नदीच्या वळणावरील अजिंठ्याचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर साचलेला. तेथील सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील. तेव्हापासून तो कडा दररोज उन्हाने तापतो आणि रात्री निवतो. सात लाखांहून अधिक वेळा हे झाले. पृष्ठभाग तापून प्रसरण पावतो, आतला भाग थंडच राहतो; खडकातील निरनिराळी खनिजेही सारखी फुगत नाहीत. यातून ताण निर्माण होतो आणि दगडाची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारण दहावा हिस्सा. भरीला दरवर्षीचा पावसाळा. सांध्यांतून पाणी झिरपते, खडक भिजतो, पुन्हा सुकतो. ज्या वर्षावासासाठी भिक्खू संघाला निवारा हवा होता, तोच पाऊस निवाऱ्याला झिजवीत आला आहे.

ऊनपाऊस आपल्या हाती नाही, सुरुंग आहेत. जवळच्या खाणीतील एका स्फोटाने लेणे कोसळत नाही, म्हणून 'काही झाले नाही' असे सांगितले जाते. हा युक्तिवाद अपुरा आहे, कारण तो एकच फेरा मोजतो. 1992 च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत खाणकाम निषिद्ध व पुढील 200 मीटर नियंत्रित ठरविले. पण ज्या लहान लेण्यांना संरक्षित स्मारकाचा दर्जाच नाही, त्यांना या नियमाचा आधार नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या गावाजवळ असे लेणे असेल, त्यांनी दरवर्षी पावसाळ्यानंतर त्याच जागेवरून त्याच भेगेचे छायाचित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी धरावी, भिंतीला काही चिकटवू नये. मागे तारीख लिहून एक प्रत शाळेकडे पाठवावी. इतिहास विभागात त्यासाठी स्वतंत्र वही ठेवली आहे.