हार्ड डिस्कमधील नादुरुस्त खंडांची तपासणी

नोंदवहीचे पान कसरीने खाल्ले तर ते डोळ्यांना दिसते. हार्ड डिस्कचे तसे नाही. तिच्यावरील एखादी जागा निकामी झाली तरी तेथील नोंद मागितली जाईपर्यंत कोणालाही पत्ता लागत नाही. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या संगणकावर एखादी फाइल उघडताना यंत्र घुटमळू लागले, अथवा प्रत काढण्याचे काम मध्येच थांबू लागले, तर हा संशय अवश्य घ्यावा.

डिस्कच्या चुंबकीय तबकडीवरील जागा लहान लहान खंडांत विभागलेली असते. पूर्वी हे खंड 512 बाइटांचे असत, अलीकडे ते बहुधा 4,096 बाइटांचे असतात. प्रत्येक खंडाबरोबर मजकूर पडताळण्याचा संकेतही लिहिलेला असतो. वाचलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही व दुरुस्तही झाला नाही, तर तो खंड वाचता येत नसल्याचे डिस्क कळविते. त्या जागी पुन्हा लिहिण्याची वेळ आली म्हणजे डिस्क राखीव खंड योजते. गेलेला मजकूर मात्र त्यामुळे परत येत नाही.

लिनक्स कार्यप्रणालीत ही तपासणी 'बॅडब्लॉक्स' या आज्ञेने होते. प्रथम 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन डिस्कचे नाव तिच्या आकारमानावरून ओळखावे. ते 'एसडीबी' असल्यास 'सुडो बॅडब्लॉक्स -एसव्ही /डेव्ह/एसडीबी' ही आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावी. यात डिस्क केवळ वाचली जाते. सेकंदाला 150 मेगाबाइट या वेगाने एक टेराबाइटची डिस्क तपासण्यास सुमारे दोन तास लागतात. विंडोजमध्ये 'चेकडिस्क' या आज्ञेला '/आर' जोडल्यास असेच काम होते.

खरा धोका एका अक्षरात आहे. याच आज्ञेत '-डब्ल्यू' घातल्यास प्रत्येक खंडावर चार ठरावीक नमुने लिहून ते पुन्हा वाचले जातात. कोरी डिस्क पारखण्यास ही रीत उत्तम. परंतु जन्ममृत्यूच्या नोंदी असलेल्या डिस्कवर ती चालविल्यास सर्व नोंदी कायमच्या पुसल्या जातात. '-एन' ही रीत मूळ मजकूर पुन्हा जागेवर ठेवते खरी, पण वीज वारंवार जाणाऱ्या गावी तिचाही भरवसा धरू नये.

अखेरीस नादुरुस्त खंडांची संख्या दिसते. ती शून्य नसल्यास, किंवा तपासणी चालू असतानाच चुका दिसू लागल्यास, पुढील तपासणीचा हट्ट सोडावा. कारण मोडकळीस आलेल्या डिस्कचे उरलेले आयुष्य प्रत काढण्यातच खर्च होणे इष्ट. 'डीडीरेस्क्यू' हे साधन वाचता येणारे खंड आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते आणि अडलेल्या खंडांकडे नंतर वळते. ही दुसरी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असून चालत नाही.