लहान मुलांस स्वरांचा चढउतार शिकविणें
(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांकरितां)

"आवाज चढवा" म्हटलें कीं मुलें ओरडूं लागतात. दोष त्यांचा नव्हे. आपल्या बोलींत आवाज चढविणें म्हणजे मोठ्यानें बोलणेंच. उंच स्वर निराळा व मोठा आवाज निराळा, हें त्यांस प्रथम समजलें पाहिजे. पेटीवर तें दिसत नाहीं. तेथें स्वर चढत नाहीं, उजवीकडे सरकतो.

म्हणून मुलांस अंगणांत न्यावें. शहापुराकडे माहुलीचे सुळके आहेत, मुरबाडाकडे नाणेघाटाची चढण. त्या डोंगराची रेघ काडीनें मातींत काढवावी. एकानें तिजवरून बोट फिरवावें व बाकीच्यांनीं आकारानें बोटाबरोबर चढावें, उतरावें. मग उलट करावें: शिक्षकानें भजनाची एक ओळ गावी, मुलांनीं तिची रेघ काढावी. पुढें खालच्या षड्जास बसावें, पंचमास उभें राहावें, वरच्या षड्जास हात उंच करावे. वरचा षड्ज मुद्दाम हळू व खालचा मोठ्यानें गावा. येथें पुष्कळ मुलें फसतात, हंसतात आणि शिकतातहि.

इंग्लंडांतील पाळक जॉन कर्वेन (१८१६–१८८०) यांनीं शब्बाथ शाळांतील गायनासाठींच आपली स्वरपद्धति वाढविली व १८७० च्या सुमारास तींत हाताच्या खुणा घातल्या.

बंधूंनो, बेसूर मुलास गप्प बसवूं नका. तें मंडळींत जन्मभर गप्प राहील. पुरुषाचा स्वर मुलाच्या गळ्याहून सप्तकभर खालीं असतो, तो त्यास सांपडत नाहीं. तीच ओळ एखाद्या मोठ्या मुलीकडून म्हणवा आणि त्याचें बोट पाहा. बोट बरोबर चढलें, तर कान शाबूत आहे; गळ्यास वेळ द्यावा.