लिलावातली अनामत परत मिळेल का?

प्रश्न : दिवाळखोर कंपनीच्या गाळ्यासाठी आमची बोली सर्वोच्च ठरली. उरलेली रक्कम मुदतीत भरता आली नाही, म्हणून लिक्विडेटरने अनामत जप्त केली. ती परत मिळेल?

उत्तर : लिलावाच्या जाहिरातीतली जप्तीची अट आधी नीट वाचा. नियमानुसार मागणीपत्रापासून 90 दिवसांत पूर्ण रक्कम भरायची असते, 30 दिवसांनंतर 12 टक्के व्याजासह. नाहीतर विक्री रद्द. बँकेने कर्ज नाकारलं, हे कारण सहसा टिकत नाही. मात्र गाळ्यावरचा ताबेदार किंवा कोर्टाची स्थगिती तुमच्यापासून दडवली असेल, तर लढा. ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीआड माहीत असलेली गोष्ट लपवता येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ईमेल, पावत्या जोडून दिवाळखोरी संहितेच्या कलम 60(5) खाली एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) अर्ज करा. निकाल विरोधात गेल्यास अपिलाची मुदत 30 दिवसांची आहे.