विजेची मोटार घेण्याआधी

मंडळी, बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? बाजाराला निघण्याआधी घरात बसून विचार करतो. गोठ्यात जागा आहे का? वैरण पुरेल का? पाण्याची सोय काय? हे ठरले, म्हणजे मग बाजाराची वाट धरतो. बैल आधी आणून दारात उभा केला आणि मग गोठा शोधत फिरलो, तर लोक हसतील. बैलाचे हाल होतील ते वेगळेच.

विजेच्या मोटारीचेही तसेच आहे. तिचाही गोठा आधी बघावा लागतो. तो कसा बघायचा, हे या पाठात आपण शिकू.

पुण्याला गेलात म्हणजे मोटारींच्या नंबराच्या पाट्या नीट बघा. काही पाट्या हिरव्या दिसतील. हिरवी पाटी म्हणजे विजेची गाडी. हिरव्यावर पांढरी अक्षरे असली तर ती घरची गाडी. पिवळी अक्षरे असली तर ती भाड्याने चालणारी. पुण्यात पीएमपीच्या विजेच्या बस २०१९ सालापासून धावत आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जण त्यांत बसलेही असतील.

ही गाडी काही लांबच्या मुलखातली राहिलेली नाही. महागणपतीचे रांजणगाव आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या कारखान्यात टाटांची नेक्सॉन नावाची विजेची मोटार तयार होऊ लागली. ती जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. चाकणला महिंद्रांच्या विजेच्या मोटारी बनतात. आपल्याच जिल्ह्यातली पोरे त्या जोडतात. तेव्हा ही गाडी आपणही घ्यावी, असे कुणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही.

एका गाडीची गोष्ट

भोर तालुक्यातला एक तरुण पुण्यात मोटार चालवतो. धनकवडीला तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहतात. आधी तो दुसऱ्याची गाडी चालवी. पुढे स्वतःची असावी असे वाटले. पेट्रोल महाग, म्हणून त्याने कर्ज काढून जुनी विजेची मोटार घेतली. पेढे वाटले. गाडीला हार घातला.

रात्र झाली. आता गाडी चार्ज कुठे करायची?

गाडी खाली रस्त्यावर आणि विजेचा बोर्ड तिसऱ्या मजल्यावर. त्याने बाजारातून लांब वायर आणली आणि खिडकीतून खाली सोडली. दोन रात्री काम भागले. तिसऱ्या रात्री बायकोला जळका वास आला. उठून पाहते तो बोर्ड काळा पडलेला, पिन वितळलेली! तिने हिंमत करून मेन स्विच बंद केला, म्हणून थोडक्यात निभावले.

सकाळी घरमालक वर आले. म्हणाले, "अहो, माझं घर पेटवता का काय? आजपासून इथं गाडी लावायची नाही."

मग तो रोज बाहेरच्या चार्जिंगच्या ठिकाणी जाऊ लागला. तिथे रांग असे. वीजही घरच्यापेक्षा महाग. गिऱ्हाईक हातचे जाई. कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात हजर.

त्याची बायको लग्नानंतर गावी असताना आमच्या रात्रीच्या वर्गाला येत असे. अक्षर लावून लावून वाचे. एके दिवशी तिने लाइट बिल हातात घेतले आणि वरपासून खालपर्यंत वाचून काढले.

"अहो, इकडं बघा," ती म्हणाली. "इथं 'मंजूर भार' असं लिवलंय. पुढं एक किलोवॅट आहे. आन् आपली गाडी किती वडती?"

त्याने गाडीची पुस्तिका उघडली. गाडी चार्ज होताना तीन किलोवॅट लागत होते. एका माणसाच्या डोक्यावर तिघांचे ओझे दिले होते! वायर जळणार नाही तर काय होणार?

पुढे त्यांनी घरमालकांची समजूत घातली. माहितगार वायरमनला आणून दाखवले. घरमालकांनी लेखी संमती दिली. महावितरणकडे अर्ज करून तळमजल्यावर गाडीसाठी वेगळे मीटर घेतले. जाड वायर टाकली. चांगले अर्थिंग केले. आता गाडी रात्री खाली उभी राहते आणि सकाळी भरलेली असते. धंदा बरा चालला आहे. पण मधले दोन महिने त्यांचे फार वाईट गेले. बिल आधी वाचले असते, तर ते दोन महिने वाचले असते.

युनिट म्हणजे काय?

लाइट बिलात 'युनिट' हा शब्द असतो. पेट्रोल लिटरने मोजतात, तशी वीज युनिटने मोजतात. एक किलोवॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट वीज जळते.

मोटारीची टाकी म्हणजे तिची बॅटरी. लहान मोटारीची बॅटरी साधारण २४ युनिटांची असते. पण ती भरताना थोडी वीज वाया जाते. दूध या भांड्यातून त्या भांड्यात ओतताना थोडे सांडते, तसेच हे. म्हणून मीटरवर २७ युनिट पडतील असे धरा.

घरी शेगडी किंवा गीझर लावतो तसला १५ अँपिअरचा मोठा तीन पिनांचा बोर्ड लागतो. त्यातून ताशी सुमारे ३ युनिट वीज जाते. म्हणजे २७ युनिटांना ९ तास लागतात. रात्री ९ वाजता लावली, तर सकाळी ६ वाजता गाडी भरली. रात्रभर गाय रवंथ करते, तशी ही गाडी रात्रभर खाते. म्हणून रात्री ती कुठे उभी राहणार, हा पहिला प्रश्न.

बोर्डाला अर्थिंग हवेच. अर्थिंग नसेल तर गाडीबरोबर मिळणारा चार्जर बहुधा वीज घेतच नाही. तो बिघडला असे समजू नका. तो तुमचा जीव सांभाळतो. कुणी म्हणेल, "काही तरी जुगाड करून चालू करून देतो." त्याला हात जोडून घरी पाठवा.

शहरात हमरस्त्यावर जलद चार्जिंगची ठिकाणे असतात. तिथे लहान गाडीची बॅटरी तासाभरात बरीचशी भरते. वाटेत अडचण पडली तर ही सोय उत्तम. पण रोज खानावळीत जेवणे आणि घरी जेवणे यांत फरक आहेच.

एका भरण्यात किती धाव?

दुकानदार म्हणेल, "ही गाडी ३१५ किलोमीटर जाते." तो खोटे बोलत नसतो. कागदावर तो आकडा असतो. पण तो आकडा कसा काढतात? गाडी तपासणीच्या जागेत फिरत्या रुळांवर उभी करून ठरलेल्या वेगाने चालवतात. पुण्यात एआरएआय नावाची गाड्या तपासणारी जुनी संस्था आहे. ती १९६६ सालची. तिच्याच नावावरून वेताळ टेकडीच्या त्या भागाला लोक एआरएआय टेकडी म्हणतात.

रुळांवर खड्डे नसतात. चार माणसे आणि धान्याची पोती नसतात. रस्त्यावर हे सगळे असते. वर उकाड्यात गार हवेचे यंत्र चालते. म्हणून २४ युनिटांच्या गाडीला २०० किलोमीटर धरावे. त्याहून जास्त गेली तर आनंद माना.

भोर ते पुणे सुमारे ५० किलोमीटर. जाऊन येऊन १००. हे सहज जमते. पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. तिथे वाटेत एकदा तरी थांबून भरावे लागेल. कुठे थांबायचे ते निघण्याआधी ठरवा. वाटेत रात्री अकरा वाजता शोधू नका.

घाटाचीही एक गंमत आहे. चढताना गाडी वीज भराभर खाते. उतरताना पाय काढला की चाकेच मोटर फिरवतात आणि थोडी वीज बॅटरीत परत येते. पण चढताना गेलेली सगळी परत येत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता हिशेब करू

हिशेब सोपा जावा म्हणून आपण दर धरून चालू. वीज १२ रुपये युनिट. पेट्रोल १०० रुपये लिटर. पेट्रोलची गाडी लिटरला २० किलोमीटर जाते. तुमच्या गावचा दर वेगळा असेल तर तो घाला.

समजा, महिन्याला १,००० किलोमीटर फिरायचे आहे.

पेट्रोलच्या गाडीला ५० लिटर लागतील. खर्च ५,००० रुपये.

विजेची गाडी २०० किलोमीटरला २७ युनिट घेते. १,००० किलोमीटरला १३५ युनिट. खर्च १,६२० रुपये.

महिन्याला ३,३८० रुपये वाचले. वर्षाला ४०,५६० रुपये वाचले.

हे ऐकून लगेच उडी मारू नका. विजेची गाडी घेताना महाग पडते. समजा, ती ३ लाख रुपयांनी महाग आहे. मग ते ३ लाख भरून निघायला सात वर्षांहून जास्त काळ लागेल.

महिन्याला २,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे तेच पैसे चार वर्षांच्या आत निघतात. आणि महिन्याला ५०० किलोमीटरच फिरणाऱ्याला जवळजवळ पंधरा वर्षे लागतील. म्हणजे रोज लांब फिरणाऱ्याला ही गाडी धार्जिणी. लग्नकार्याला आणि जत्रेला तेवढी बाहेर काढणाऱ्याने घाई करू नये.

आणखी एक गोष्ट. घरच्या विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. पहिले १०० युनिट स्वस्त असतात. पुढचे महाग. ज्या घरात महिन्याला ९० युनिट जळतात, तिथे गाडीचे १३५ मिळवले की २२५ होतात. मग वरच्या युनिटांना महाग दर लागतो. म्हणून बिलावरचा पहिला दर बघून हिशेब करू नका. गाडीसाठी वेगळे मीटर घेतले तर दर काय पडेल, हेही महावितरणच्या कचेरीत विचारा.

बॅटरी आणि कागद

या गाडीत सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे बॅटरी. तिला बरेच कारखानदार ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी संपेल तोवर हमी देतात. पण हमीच्या कागदात अटी असतात. गाडी भाड्याने चालवली तर हमी किती? जुनी गाडी घेतली तर दुसऱ्या मालकाला हमी मिळते का? हे कागदावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचा. बारीक अक्षर असेल तर उजेडात बसून वाचा. आपण वाचायला शिकलो ते याचसाठी. "वाचायचं काय त्यात, करा सही," असे कुणी म्हणाला, तर त्याच कागदाला जास्त वेळ द्या.

सरकारने या गाड्यांना सवलती दिल्या आहेत. १ ऑगस्ट २०१९ पासून या गाड्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आपल्या राज्याने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विजेच्या गाड्यांचे धोरण ठरवले. पण सवलती बदलत असतात. ज्या दिवशी गाडी घ्याल, त्या दिवशी काय मिळते ते आरटीओच्या कचेरीत विचारून घ्या.

पावसाळ्याचे एक सांगायचे राहिले. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला मुठेचे पाणी वस्तीत शिरले. अशा पाण्यात विजेची गाडी उभी राहिली असेल, तर पाणी ओसरल्यावर तिला चार्जिंग लावू नका. चालू करूनही बघू नका. माहितगार कारागिराला बोलवा. साध्या पावसाला मात्र ही गाडी भीत नाही.

सार काय?

विजेची मोटार चांगली. धूर नाही, आवाज नाही, रोजचा खर्च थोडा. पण गाडी घेण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. रात्री ती कुठे उभी राहील? तिथे मजबूत वीज आणि अर्थिंग आहे का? रोज किती किलोमीटर फिरायचे आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली, तर खुशाल पेढे आणा. एकाचे जरी उत्तर मिळाले नाही, तर थोडे थांबा. गाडी काही पळून जात नाही.

आधी गोठा, मग बैल.

वाचा आणि करा

१. घरचे लाइट बिल घ्या. 'मंजूर भार' कुठे लिहिला आहे ते शोधा आणि वहीत लिहा.

२. गेल्या महिन्यात तुमच्या घरी किती युनिट वीज जळली?

३. तुमच्या गावापासून तालुक्याचे गाव किती किलोमीटर आहे? २०० किलोमीटरमध्ये तिथे किती खेपा होतील?

४. धनकवडीच्या खोलीतली वायर का जळली? शेजारच्या माणसाला तुमच्या शब्दांत सांगा.